शुक्रवारची गोळी

परळला आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. दगडी, जुनी इमारत; एकेकाळी मुंबईचा गव्हर्नर तिथं राहायचा. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर टाटा मेमोरियल हॉस्पिटल, १९४१ साली सुरू झालेलं. माझ्या धाकट्या भावाला पंधराव्या वर्षी ल्युकेमिया झाला. पुढची अडीच वर्षं आम्ही परभणी-मुंबई करत होतो. हाफकिनवरून कितीदा गेले असेन, पण या दोन इमारतींमध्ये काही नातं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

ते कळलं मावशीमुळे. तिनं गावाकडून लाल गोळ्यांची पाकिटं पाठवली. सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना मिळतात त्या, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या. “पोराचं रक्त कमी झालंय ना? मग दे की!” तर्क बिनचूक होता. मी पाकीट डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, “या ठेवून दे. आपण त्याला याच्या बरोबर उलट औषध देतोय.”

रक्त वाढवणाऱ्या गोळीच्या उलट औषध, आणि तेही रक्ताच्या आजारावर? धर्मशाळेत रात्री मोबाइलवर वाचायला लागले आणि पोचले थेट १९२८ सालच्या मुंबईत.

लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर तेव्हा इथं आली होती. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग व्हायचा. रक्तपेशी आकारानं मोठ्या, पण संख्येनं कमी. कित्येक जणी त्यात दगावायच्या. हाफकिन संस्थेत काम करताना विल्सच्या लक्षात आलं, की हा जंतूंचा नाही, ताटाचा प्रश्न आहे. बिअर बनवताना उरलेल्या यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त अर्क तिनं या बायकांना दिला आणि त्या सुधारल्या. १९३१ साली तिनं हे प्रसिद्ध केलं. अर्कातला तो अज्ञात घटक म्हणजे फोलेट. मावशीच्या लाल गोळीतलं फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप.

पुढचा धागा अमेरिकेत जातो, पण तो पकडणारा माणूस आंध्रातल्या भीमावरमचा. यल्लाप्रगडा सुब्बाराव. संग्रहणीसारख्या आजारानं त्यांचा सख्खा भाऊ गेला होता. लेडर्ली कंपनीत त्यांच्या हाताखालच्या चमूनं चाळीसच्या दशकात फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं, आणि ते त्याच आजारावर गुणकारी ठरलं.

बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक ॲसिडसारखी द्रव्यं देऊन पाहिली, तेव्हा आजार उलट फोफावल्यासारखा दिसला. वाढत्या पेशींना फोलेट लागतंच; कॅन्सरच्या पेशींनाही. मग त्यांनी विचार फिरवला: फोलेट तोडलं तर? सुब्बारावांच्या चमूनं फोलेटसारखीच दिसणारी द्रव्यं बनवली होती. कुलपात बसते पण फिरत नाही अशी किल्ली. त्यातलं अमिनोप्टेरिन फार्बरनी सोळा मुलांना दिलं. जून १९४८ मध्ये त्यांनी कळवलं, की दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली. ज्या आजारावर तोवर काहीच उपाय नव्हता, त्यातली मुलं उठून खेळायला लागली. पण काही आठवडे किंवा काही महिनेच. नंतर आजार परतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बारावही वारले.

अमिनोप्टेरिनचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. आमच्याकडे ती शुक्रवारची गोळी. आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून गोळ्यांचा डबा माझ्याकडे. शुक्रवारी रात्री मोजून द्यायची आणि कॅलेंडरवर फुली मारायची. ताप शंभरच्या वर गेला, की बॅग उचलून निघायचं. पाणी उकळायचं, बाहेरचं बंद. सोबत करणं म्हणजे बहुतेक वेळ हीच कामं.

आठ-नऊ महिन्यांनी भावाचे केस परत आले. रिपोर्ट चांगले. एका शुक्रवारी त्यानं तोंड फिरवलं. “मी बरा झालोय. ताई, आता बास.” मळमळ, तोंडातले फोड, शाळेत कुणी शेजारी न बसणं, सगळ्याला तो कंटाळला होता. त्याला “डॉक्टर सांगतात म्हणून घे” असं म्हणण्यात अर्थ नव्हता.

मी त्याला बोस्टनच्या मुलांबद्दल सांगितलं. तीही बरी दिसत होती. रक्तात आजार दिसेनासा होतो, संपत नाही. पुढच्या डॉक्टरांना हे त्या मुलांमुळे उमगलं. म्हणून साठच्या दशकात मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलात डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र केली, मेंदूभोवती लपलेल्या पेशींवरही उपचार केले आणि मुलं बरी दिसत असतानाही औषध वर्षानुवर्षं चालू ठेवलं. दशक संपता संपता त्यांच्याकडची जवळपास निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. आज हे प्रमाण त्याहून बरंच पुढे गेलंय.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे त्यांना ही दोन वर्षं मिळालीच नाहीत.”

“नाही मिळाली.”

त्यानं गोळी घेतली. त्यानंतरही तो कुरकुरला, चिडला, दोनदा डबा फेकला. पण शुक्रवार एकही चुकला नाही.

शोधनिबंधांत विल्स, सुब्बाराव, फार्बर, पिंकेल ही नावं सापडतात. गिरणीतल्या त्या बायका आणि ती मुलं बहुतेक आकड्यांतच उरतात. हाफकिनवरून जाताना मला मात्र त्या बायकाच आठवतात. पाळी संपवून, पोट सांभाळत कुणी तरी तपासणीसाठी रक्त दिलं होतं. नव्वद वर्षांनी ते आमच्या उपयोगी पडलं.