ठासणीची बंदूक, चकमक आणि एक शस्त्रागार

दोन सैन्यांची गाठ पडून थोडी मारामारी झाली की 'चकमक उडाली' असे आपण म्हणतो. गार आणि पोलाद एकमेकांवर आपटून विस्तव पाडण्याच्या साधनालाही चकमकच म्हणतात. शब्द मूळचा तुर्की. बंदूक अरबीतून आली, दारू फारसीतून. दारू म्हणजे मुळात औषध, आणि 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. विस्तव, शिकार आणि युद्ध यांचा शब्दसंग्रह असा एकाच भात्यातला असावा हा केवळ योगायोग नव्हे. काडेपेटी येण्यापूर्वी ज्याच्याजवळ विस्तव नाही त्याची बंदूक म्हणजे लोखंडी नळी जडवलेली काठी.

अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रहालय पाहताना हे ध्यानात ठेवावयास हवे. स्वामी समर्थांच्या दर्शनास येणाऱ्यांपैकी काहीजण तेथेही जातात, तलवारी, भाले आणि लांब नळीच्या बंदुका पाहतात, आणि 'पूर्वी राजेलोक याने शिकार करीत' एवढे मनाशी नोंदवून परततात. त्या बंदुका भरणाऱ्या हातांचा मात्र तेथे काही पत्ता लागत नाही.

अक्कलकोट संस्थानाचा जन्मच ठासणीच्या बंदुकीच्या काळातला. १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत परतणाऱ्या शाहू महाराजांना पारद गावच्या लोखंडे पाटलाने विरोध केला. पाटील लढाईत पडला आणि त्याच्या विधवेने तान्हे मूल महाराजांच्या पायावर घातले. त्या मुलाचे नाव फत्तेसिंह ठेवून महाराजांनी त्याला भोसले कुळात घेतले. हाच अक्कलकोटचा मूळपुरुष. १७४०–४१ मध्ये रघूजी भोसल्यांबरोबर कर्नाटकात उतरून त्रिचनापल्ली घेणाऱ्या मोहिमेत फत्तेसिंह होते. त्या काळी दक्षिणेतल्या शिपायाच्या हाती बहुधा तोड्याची बंदूक असे.

तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. ती जळत नाही, धुमसत राहते. बंदूक भरताना प्रथम शिंगातली दारू मोजून नळीत ओतायची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा, मग गोळी वा छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सारे गजाने ठासायचे. ठासण कमी झाली तर बार फुसका जाई. दारू जादा पडली तर नळी फुटून भरणाऱ्याचाच हात जाई. नंतर बाजूच्या खोलगट कानात बारीक रंजक टाकायची. चाप ओढला की धुमसता तोडा रंजकीवर टेके, ज्वाळा छिद्रातून आत शिरे आणि बार उडे. दारूचे प्रमाणही ठरलेले होते: साधारणपणे शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. सोरा जुन्या भिंतींच्या व गोठ्यांच्या मातीतून धुऊन काढीत. कोळसा हलक्या लाकडाचा लागे. गंधक मात्र विकत आणावा लागे.

पुढे चकमकीची बंदूक आली. तीत तोड्याच्या जागी गारेचा तुकडा बसवलेला असे आणि तो पोलादी पट्टीवर आदळून ठिणग्या पाडी. ठिणगी गारेतून निघते हा आपला समज खरा नाही. गारेच्या धारेने पोलादाचा सूक्ष्म कीस निघतो आणि तो तापून हवेत पेटतो. दगड नुसता कानस. म्हणूनच गार कठीण आणि धारदार हवी, पोलाद चांगले पाणी दिलेले हवे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक सापडतात, त्यामुळे सोलापूरच्या माळावरच्या मेंढपाळाला दगडासाठी दूर जावे लागत नसे. गारेवर कापूस धरून पोलादाचा तुकडा हाणायचा, ठिणगी कापसात पडली की हलकेच फुंकर घालायची. पावसाळ्यात कापूस कोरडा राखणे हीच खरी विद्या. घरातली बाई मात्र चकमकीच्या वाटेला क्वचितच जाई. ती रात्री निखारा राखेखाली झाकून ठेवी, आणि तो विझलाच तर शेजारणीकडे गोवरी घेऊन विस्तव मागायला जाई.

युरोपात चकमकीची बंदूक रूढ झाल्यावरही आपल्याकडे तोडेदार बंदूक एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. याला मागासलेपण म्हणण्याची प्रथा आहे, पण ती घाईची आहे. चकमकीच्या यंत्रातली कमान आणि पोलाद यांना कसबी कारागीर लागे. तोड्याची कळ गावचा लोहार दुरुस्त करी. जे हत्यार गावात दुरुस्त होते ते गावाच्या मालकीचे राहते.

हीच गोष्ट राज्यकर्त्यांच्या नजरेत सलली असावी. १८५७ चा उठाव ज्या काडतुसांवरून पेटला तीही ठासणीच्याच रायफलीची होती. कागदी काडतूस दातांनी फोडून दारू नळीत ओतावी लागे, म्हणून त्यावरच्या चरबीचा प्रश्न धर्माचा झाला. त्यानंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे आले आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली, हत्यारांचा प्रसिद्ध कायदा झाला. परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट होती. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. संस्थानांचा अंतर्गत कारभार वेगळा, आणि संस्थानिकाची शिकार तर राजवैभवाचाच भाग. सोलापूर जिल्हा इंग्रजांचा आणि अक्कलकोट संस्थानाचे. माळरान तेच, काळवीट तेच, पण शिकारीचा अधिकार कोणाला हे हद्दीवर आणि माणसाच्या दर्जावर ठरू लागले.

त्याआधी सात वर्षे, १८७१ मध्ये, आणखी एक कायदा झाला होता: जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरवणारा. या भागातले फासेपारधी पुढे त्याच्या कचाट्यात सापडले. त्यांच्या शिकारीला ना दारू लागे, ना तोडा. फास, जाळे आणि जनावराच्या सवयींचे पिढीजात ज्ञान एवढ्यावर ती चाले. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवण्यासाठी वसाहत उभारली गेली. 'सेटलमेंट' हा शब्द सोलापूरकरांच्या बोलीत तेव्हापासून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कलंक कायद्याने पुसला गेला, समाजाच्या मनातून तो पुसला गेला असे कोणी म्हणू धजणार नाही. एकाच माळावर शिकार करणाऱ्या दोघांपैकी एकाची हत्यारे शस्त्रागारात मांडली गेली आणि दुसऱ्याची पोलीस ठाण्यात जमा झाली. इतिहास लिहिताना हा फरक नजरेआड करता येत नाही.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ठासणीच्या बंदुकीचा नावाने उल्लेख आहे: खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तिचा परवाना देण्याची तरतूद. राजाचे आणि शिपायाचे हत्यार अशा रीतीने शेतकऱ्याच्या बांधावर येऊन थांबले. शिकार मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने जवळजवळ संपूर्ण बंद झाली. ते योग्यच झाले. माळढोकासाठी नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तरीही आज त्या माळावर माळढोक दिसणे हीच बातमी होते. त्याच्या नाशाचा दोष केवळ फाशाच्या माथी मारणे सोपे आहे, पण बंदुका आणि नांगरलेली माळराने यांचा वाटाही त्यात मोजावा लागेल.

विस्तवाची कथा थोडी निराळी. १८२७ च्या सुमारास इंग्लंडात घासून पेटणारी काडी विकली जाऊ लागली, पुढे स्वीडनच्या काडेपेट्या जगभर पसरल्या, आणि १९२३ साली स्थापन झालेल्या विमको कंपनीचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. चकमक मेंढपाळाच्या कनवटीतून गेली. त्याहूनही जुनी विद्या मात्र यज्ञमंडपात राहिली. अक्कलकोटजवळच्या शिवपुरीत गजानन महाराजांनी अग्निहोत्राचा प्रसार केला. घरगुती अग्निहोत्रात काडी चालते. सोमयागासारख्या श्रौत यज्ञात आजही अरणी घुसळूनच अग्नी पाडतात: खाली एक लाकूड, त्यावर उभा मंथा, त्याला दोरीचे वेढे, आणि धूर निघेपर्यंत आळीपाळीने ओढणारे हात.

अग्नी पाडण्याची एक रीत पवित्र ठरली म्हणून टिकली. दुसरी, मेंढपाळाची, कोणी पवित्र मानली नाही म्हणून गेली. दोन्हींमागचे श्रम सारखेच होते. लोहाराच्या कळीची, दारू मोजणाऱ्या बोटांची आणि पारध्याच्या फाशाची नोंद ज्यांच्या आठवणीत अजून आहे, अशी वृद्ध माणसे अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी या पट्ट्यात मराठी आणि कानडी दोन्ही बोलतात. बंदुका काचेआड आणखी शंभर वर्षे राहतील. या माणसांजवळ तेवढा वेळ नाही.