पनेटचा चौकोन आणि कोंबडीची पिल्लं

बायोलॉजीच्या पुस्तकातला पनेट स्क्वेअर आठवतोय? त्याचा कर्ता रेजिनाल्ड पनेट, केंब्रिजचा प्राध्यापक. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई झाली. अंडी न देणाऱ्या नरांना दाणा घालणं परवडेना. पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांत नर कुठला, मादी कुठली, कळणार कसं?

पनेटने सुचवलं, रंगावरून! सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी अशी जोडी लावा. हा रंगाचा जीन झेड क्रोमोसोमवर असतो. मादीकडे झेड एकच, तोही बापाकडून आलेला. म्हणून मुली बापासारख्या सोनेरी, मुलगे आईसारखे फिकट.

पण ही युक्ती एकाच पिढीपुरती चालते. म्हणून पुढे पनेट आणि मायकल पीझ यांनी 'केंबार' जात तयार केली. तिच्यात पिसांवरच्या पट्ट्यांचा जीन नराला दोनदा मिळतो, मादीला एकदाच. त्यामुळे नर पिल्लू दर पिढीत फिकट.

लॉजिक एकदम क्लीन. आउटपुट मात्र असं, की नर ओळखू आला तो पहिल्याच दिवशी मारला जाण्यासाठी. जर्मनीने २०२२ पासून अशी पिल्लं मारण्यावर बंदी घातली. तिथे आता बऱ्याच ठिकाणी अंड्यातच नर-मादी ओळखतात आणि नराच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येऊच देत नाहीत.

असो. ऑम्लेट मागवताना हाही हिशोब माहीत असावा, इतकंच.