बाळाच्या वाटीतलं मीठ

बाळाच्या वरणात मीठ पडतं ते कुणासाठी, या प्रश्नाचा छडा १९७० साली अमेरिकेत लागला. सॅम्युअल फोमन हे आयोवातले बालआहाराचे नामवंत अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार आणि सात महिन्यांच्या बाळांना तेच गाळीव अन्न दोन तऱ्हांनी भरवून पाहिलं, मीठ घातलेलं आणि बिनमिठाचं. बाळांनी दोन्ही सारखंच खाल्लं. मीठ नाही म्हणून कुणी तोंड फिरवलं नाही.

अंगणवाडी सेविकांना आहारशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. या प्रयोगाबद्दल मी प्रत्येक वर्गाला सांगत आले, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं कुणाला पटत नाही.

हा प्रयोग करायची वेळ का आली, ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. १९२८ साली मिशिगनमधल्या फ्रीमाँट गावच्या गर्बर कुटुंबाने आपल्या कारखान्यात बाळासाठी वाटाणा, गाजर, पालक गाळून डबाबंद विकायला सुरुवात केली. डोरोथी गर्बर घरी लेकीसाठी भाज्या गाळून थकल्या होत्या, त्यातून ही कल्पना निघाली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिकेतलं बहुतेक प्रत्येक बाळ अशा विकतच्या अन्नावर वाढू लागलं आणि त्या अन्नात मीठ असायचं. ते आईच्या जिभेसाठी. आई झाकण उघडते, चमच्याच्या टोकावर घेऊन चाखते, तिला बेचव लागलं तर पुन्हा तो डबा घरी येत नाही. बाळाला तर कुणी विचारतच नव्हतं.

याला पहिला मोठा आक्षेप घेतला तो लुईस डाल यांनी. ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत त्यांनी मिठाने झटकन रक्तदाब चढेल अशा उंदरांची खास पैदास केली होती. बाजारात मिळणारं बाळअन्न त्यांनी या उंदरांना खाऊ घातलं. रक्तदाब चढला, काही उंदीर मेले. उंदीर मुद्दाम निवडलेले होते, म्हणून माणसाच्या बाळाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, आणि टीकाकारांनी ते तेव्हाच बजावलं होतं. पण प्रश्न आता चव्हाट्यावर आला होता. चर्चा, समित्या, आयांची पत्रं असं करत करत १९७७ पर्यंत तिथल्या मोठ्या कंपन्यांनी बाळअन्नात वरून मीठ घालणं थांबवलं.

माणसाच्या बाळांवरचा भक्कम पुरावा नेदरलँड्समधून आला. तिथे ४७६ नवजात बाळांचे दोन गट करून पहिले सहा महिने एका गटाला नेहमीच्या सोडियमचं आणि दुसऱ्याला कमी सोडियमचं दूध-अन्न दिलं. १९८३ साली निकाल छापला. सहा महिन्यांच्या अखेरीस कमी सोडियमवाल्या बाळांचा वरचा रक्तदाब सरासरी दोन अंकांनी कमी भरला. त्यातली जी मुलं पंधरा वर्षांनी सापडली त्यांना पुन्हा तपासलं, तेव्हाही फरक टिकून होता, उलट साडेतीन अंकांवर गेला होता. पंधरा वर्षं ती मुलं इतर सगळ्यांसारखंच खात होती, हे इथे ध्यानात घ्यायला हवं.

मग बाळाला मीठ आवडतच नाही का? तसं नाही. क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी नुकतं दूध तुटलेल्या बाळांपुढे तीसेक निरनिराळे पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत मांडून ठेवले. पहिला अहवाल १९२८ चा. एकाही पदार्थात मीठ नव्हतं, मीठ वेगळ्या वाटीत. शेजारी चमचा घेऊन परिचारिका बसलेली. तिने काही सुचवायचं नाही, आग्रह करायचा नाही. बाळाने हात पुढे केला की तेवढंच भरवायचं. बाळं अधूनमधून मिठाच्या वाटीकडे वळत. तोंड वेडंवाकडं करत, ठसकत, कधी रडतसुद्धा, पण थुंकून टाकत नसत आणि पुन्हा मागत. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत जिवंत चित्र वाटतं. मिठाची ओढ माणसात असतेच. साधारण चौथ्या महिन्यानंतर खारट चव बाळाला रुचू लागते आणि घरात जे मिळेल त्यावर ती ओढ वाढते किंवा बेतात राहते. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं की सहाव्या महिन्यापर्यंत ज्यांच्या पोटात ब्रेड-बिस्किटांसारखे पदार्थ गेले होते, त्या बाळांना खारं पाणी जास्त आवडायचं. त्यातली काही पुढे शाळापूर्व वयात खाण्यावरचं मीठ चाटताना दिसली.

आता आपल्या घरात येते. आश्वलायन गृह्यसूत्रात सहाव्या महिन्याच्या अन्नप्राशनासाठी दही, मध, तूप मिसळलेलं अन्न सांगितलंय, मिठाचा उल्लेख नाही. (मध एक वर्षाच्या आत देऊ नये, हे आजचं वैद्यक सांगतं आणि ते ऐकायलाच हवं.) आपल्या उष्टावणात मामा चांदीच्या वाटीतून भरवतो तीही खीरच. म्हणजे पहिला घास बिनमिठाचा, हे आपल्याकडे जुनंच आहे. मीठ येतं ते दुसऱ्या दिवसापासून, गुरगुट्या भाताबरोबर.

आणि ते आजीच्या हातून येतं. ‘अळणी काय भरवतेस गं लेकराला, आजारी आहे का ते?’ हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय. या वाक्याला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग आहे. आपल्याकडे अळणी जेवण कुणाच्या वाट्याला येई? रोग्याच्या, व्रत करणाऱ्याच्या आणि ज्याला मीठही परवडत नाही त्याच्या. माझं माहेर उरणकडचं, मिठागरांच्या मुलखातलं. दारात मिठाच्या राशी आणि त्यावर सरकारचा कर, अशी तिथली जुनी स्थिती. १९२३ साली तो कर मणामागे सव्वा रुपयावरून थेट अडीच रुपये केला. ओरड झाली म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा खाली आणला. १९३० मध्ये शिरोड्याला, वडाळ्याला लोकांनी याच मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. १९४७ ला कर उठला. ज्या पिढ्यांनी मीठ मोजून वापरलं, त्यांच्या लेखी नातवंडाच्या भातात मीठ घालणं ही माया होती. आजीला शहाणपण शिकवताना ही माया पायदळी जाऊ नये.

पण बाळाची मूत्रपिंडं पहिल्या वर्षात पुरती तयार नसतात, जादा सोडियम बाहेर टाकणं त्यांना जड जातं. आईच्या दुधात सोडियम गाईच्या दुधाच्या साधारण तिसरा हिस्सा असतं, ते उगीच नाही. ब्रिटनची आरोग्यसेवा एक वर्षापर्यंत दिवसाला एक ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चहाच्या सपाट चमच्यात पाच-सहा ग्रॅम मावतं. त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात दूध, भात, डाळ यांतलं सोडियमही धरायचं. म्हणजे वरून घालायला जागा उरत नाही. पापड, लोणचं, फरसाण, बिस्किटं, विकतचं सूप यांचं नावच नको.

आयोडीनचं काय, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. आपल्याकडे २००६ पासून खाण्याचं मीठ आयोडीनयुक्तच विकावं लागतं. ते आईने खावं. अंगावर पिणाऱ्या बाळाला आयोडीन दुधातून मिळतं.

घरचंच अन्न बाळाला द्यायला आपली स्वयंपाकाची रीत फार सोयीची आहे. कुकरमधली तुरीची डाळ हळद-हिंग घालून शिजते, रवीने घोटतो, मीठ पडतं ते नंतर. त्या मधल्या वेळात दोन पळ्या वरण बाळाच्या वाटीत काढायचं, भात कुस्करायचा, वर तूप सोडायचं. भाजीचंही तेच: लाल भोपळा वाफवला की फोडी आधी बाजूला, मग घरच्यांसाठी मीठ-तिखट. खिचडीत मात्र मीठ आधीच पडतं, म्हणून त्या दिवशी मुठीएवढी बाळाची वेगळी शिजवावी.

चाखून पाहू नका, असं मी सांगत नाही. गरम आहे का, कण राहिलाय का, ते पाहायलाच हवं. पण ‘बेचव लागतंय’ म्हणून हात मिठाच्या बरणीकडे जाऊ देऊ नका. बाळाची वाटी आधी काढा, मीठ मागून घाला, निदान वर्षाचं होईपर्यंत.