फाईल सापडत नाही, म्हणजे नेमकं काय?

दप्तरात कागद मिळाला नाही की आपण पटकन लिहून टाकतो, 'पुरावा नाही'. जरा थांबा.

1983 साली ब्रिटिश खासदार जेफ्री डिकन्स यांनी बालकांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांची कागदपत्रं गृहमंत्री लिऑन ब्रिटन यांना दिली. तीस वर्षांनी गृहखात्याने जुनं दप्तर तपासलं, तर 1979 ते 1999 या काळातल्या, विषयाशी संबंध असू शकेल अशा 114 फाईली मिळाल्याच नाहीत. जुलै 2014 मध्ये संसदेच्या गृहविषयक समितीने खात्याचे सर्वोच्च अधिकारी मार्क सेडविल यांना याचा जाब विचारला.

खात्याचं म्हणणं होतं, की फाईली नष्ट, गहाळ किंवा न सापडलेल्या आहेत. हे तीन वेगळे दावे आहेत! कुणी नष्ट केल्या? कोणत्या नियमाने? नोंद कुठे आहे? नोव्हेंबरमध्ये वॉनलेस-व्हिटम अहवाल आला. फाईली मुद्दाम दडपल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. पण तसं घडलंच नाही, अशी ग्वाहीही त्यांनी दिली नाही.

तुम्हीही हा फरक जपा. दप्तर गप्प असेल तिथे समितीतली प्रश्नोत्तरं वाचा; ती शब्दशः छापलेली असतात. ज्यांचं बालपण त्या फाईलींत होतं, त्यांना आपण 'काही घडलंच नाही' असं सांगू शकत नाही.