आडनावांचा नकाशा, फोटोंतली माणसे

रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडला की त्यावर आपली आडनावेच दिसतात. किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. अलिबागच्या इस्रायल आळीतले १८४८ सालचे मागेन आबोथ सिनेगॉग आजही उभे आहे. पण आपल्या घरातल्या जुन्या लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत कोण उभे आहे, हे ओळखणारे आता थोडेच राहिले. नकाशा गाव दाखवतो, माणूस नाही. तो तुम्हीच सांगू शकता. म्हणून वडीलधाऱ्यांनो, ट्रंकेतले फोटो बाहेर काढा. प्रत्येकाच्या मागे नाव, नाते, गाव आणि साल पेन्सिलीने लिहा. मराठीत लिहा आणि नातवंडांसाठी हिब्रूतही. आडनाव त्यांना मिळालेच आहे, माणसेही मिळू द्या.