ई-२ व्हिसा : अमेरिकेचा तह-गुंतवणूकदार परवाना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांशी व्यापार किंवा गुंतवणूकविषयक तह असलेल्या देशाच्या नागरिकाला अमेरिकेत नवा व्यवसाय उभारून अथवा चालता धंदा विकत घेऊन तो चालवण्यासाठी तेथे राहू देणारा, तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना. १९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्यात या वर्गाची व्याख्या असून त्याच कलमातील ई-१ हा वर्ग दोन देशांत माल वा सेवांची देवघेव करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी आहे. दोन्हींचा पाया परस्परतेचा आहे : मैत्री, व्यापार व नौकानयनाचे जुने तह किंवा अलीकडचे द्विपक्षीय गुंतवणूक करार यांनुसार दोन देश एकमेकांच्या उद्योजकांना जी मोकळीक देतात, तीच या व्हिसातून अमलात येते. ब्रिटिश नागरिकांचा हक्क १८१५ च्या तहावर उभा आहे, तर इझ्राएलच्या नागरिकांना ई-२ व्हिसा २०१९ पासून मिळू लागला.

त्यामुळे पहिली कसोटी पैशाची नसून नागरिकत्वाची असते. अर्जदार तहदेशाचा नागरिक असावा लागतो आणि उद्योगाची किमान निम्मी मालकीही त्याच देशाच्या नागरिकांकडे असावी लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात असा तह नसल्याने भारतीय पारपत्रावर, गुंतवणूक कितीही मोठी असली तरी, हा व्हिसा मिळत नाही.

गुंतवणुकीची किमान रक्कम कायद्याने ठरवलेली नाही. ती ‘भरीव’ असावी एवढीच अट आहे आणि भरीवपणा धंद्याच्या एकूण किमतीच्या प्रमाणात मोजला जातो. एक लाख डॉलरांत उभ्या राहणाऱ्या दुकानात जवळजवळ सगळी रक्कम अर्जदाराची असावी अशी अपेक्षा असते, तर कोट्यवधी डॉलरांच्या कारखान्यात त्याहून बराच कमी वाटा पुरतो. रकमेपेक्षा कठीण अट जोखमीची आहे, आणि अर्जदारांचा गोंधळ बहुतेक वेळा येथेच होतो. बँकेत पडून असलेली शिल्लक, मोकळा भूखंड किंवा निव्वळ लाभांशासाठी घेतलेले समभाग गुंतवणूक म्हणून धरले जात नाहीत. धंदा बुडाला तर स्वतःचा पैसा बुडेल अशा रीतीने तो आधीच गुंतलेला असावा लागतो. म्हणूनच धंद्याचीच मालमत्ता तारण ठेवून काढलेले कर्ज हिशेबात येत नाही, पण स्वतःचे घर गहाण टाकून काढलेले येते. पैसा सनदशीर मार्गाने मिळवल्याचे पुरावेही जोडावे लागतात.

नवा व्यवसाय उभारणाऱ्याला जागेचा भाडेकरार, यंत्रसामग्रीची खरेदी, स्थानिक परवाने अशी तयारी व्हिसापूर्वीच दाखवावी लागते, म्हणजे नकाराचा धोका पत्करूनच खर्च करावा लागतो. चालता धंदा घेणाऱ्याची स्थिती या बाबतीत बरी असते. खरेदीची रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे विश्वासू त्रयस्थाकडे, अशा अटीवर ठेवता येते की व्हिसा मिळताच ती विक्रेत्याला द्यावी आणि न मिळाल्यास परत यावी. शिवाय जुने हिशेब, करविवरणे आणि पगारपत्रके हाती असल्यामुळे धंदा मालकाच्या कुटुंबाची जेमतेम गुजराण करण्यापुरता नाही, ही आणखी एक अट सिद्ध करणे सोपे जाते. नव्या व्यवसायाला ती क्षमता साधारण पाच वर्षांत येईल हे योजनेतून पटवावे लागते. मात्र कंपनीचे समभागच विकत घेतले, तर तिची जुनी देणी आणि दावेही कंपनीसोबत येतात, म्हणून अशा खरेदीत कागदपत्रांची कसून छाननी अपरिहार्य ठरते.

प्रत्येक प्रवेशावेळी सर्वसाधारणपणे दोन वर्षांचे वास्तव्य मंजूर होते आणि धंदा चालू असेपर्यंत नूतनीकरणाला संख्येची मर्यादा नाही. पती किंवा पत्नीला नोकरी करता येते. तरीही हा कायम निवासाचा मार्ग नव्हे, आणि त्याची झळ सर्वाधिक मुलांना बसते : तेथेच लहानाची मोठी झालेली मुले २१ वर्षांची होताच आईवडिलांच्या व्हिसाच्या छत्राबाहेर पडतात. धंदा बंद पडला किंवा विकला, तर मालकाच्या वास्तव्याचा आधारच जातो.

कायम निवास देणारा ईबी-५ हा वर्ग १९९० चा असून त्याला तहाची अट नाही, त्यामुळे तो भारतीयांना खुला आहे. परंतु २०२२ च्या सुधारणेनंतर त्यात साडेदहा लाख डॉलर, ठरावीक मागास वा ग्रामीण क्षेत्रांत आठ लाख डॉलर, गुंतवावे लागतात आणि दहा पूर्णवेळ रोजगार निर्माण व्हावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार एका निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच परदेशी पाठवता येतात, म्हणून ही रक्कम अनेकदा कुटुंबातील सदस्यांमध्ये किंवा अनेक वर्षांत विभागावी लागते.

ई-२ साठी काही भारतीयांनी आधी ग्रेनेडा या तहदेशाचे नागरिकत्व गुंतवणुकीद्वारे मिळवण्याची वाट धरली. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ती अवघड केली : पैसे गुंतवून नागरिकत्व घेतलेल्या नव्या अर्जदाराने त्या देशात सलग किमान तीन वर्षे अधिवास केलेला असावा लागतो. त्याच कायद्याने परस्परतेच्या अटीवर पोर्तुगालच्या नागरिकांना ई वर्गाचे दार उघडले. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या पोर्तुगीज नागरिकत्वाचा आधार गुंतवणूक नसून जन्म व वंश हा असल्याने तीन वर्षांची अट त्यांना लागू होत नाही. परंतु परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.