‘ऊमरा’ कापूस आणि प्रमाणांची गोष्ट

शाळेत संगणक आले, कार्यालयांत जाळी आली, आणि त्यांच्या देखभालीचे वार्षिक करार करणारे व्यावसायिक अमरावती-अकोल्यातही उभे राहिले. या धंद्यात पुढे जायचे तर ‘प्रमाणित कार्यपद्धती’ हवी, असे आता सगळीकडे सांगितले जाते. तक्रार आली की तिला क्रमांक द्या, ती कधी आली आणि कधी सुटली ते नोंदवा, कोणती सेवा किती वेळात देणार हे आधीच लिहून द्या, आणि एकच बिघाड पुन्हा पुन्हा होत असेल तर त्याचे मूळ शोधा. ब्रिटनच्या सरकारी संगणक विभागाने १९८० नंतरच्या दशकात अशा नियमांची पुस्तके तयार करायला घेतली. ‘आयटिल’ या नावाने ती जगभर गेली. २००५ साली याच विषयावर आयएसओ २०००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाण निघाले.

हे सारे परक्या मुलखातले आणि नवे वाटते. पण एखाद्या धंद्याने आपले काम नियमांत बसवायचे, त्यासाठी परवाने, नोंदी आणि तपासणी आणायची, हा खटाटोप वऱ्हाडने शंभर वर्षांपूर्वीच केला आहे. तो कापसासाठी होता. त्या खटाटोपाचे काय झाले हे पाहिले, तर आजच्या प्रमाणांकडे कसे पाहावे याचाही थोडा उलगडा होतो.

लिव्हरपूलच्या बाजारात एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानी कापसाला गावांची नावे होती. भडोचचा तो ‘ब्रोच’, धोलेऱ्याचा ‘धोलेरा’, हिंगणघाटचा ‘हिंगणघाट’ आणि उमरावतीचा, म्हणजे आपल्या अमरावतीचा, तो ‘ऊमरा’. गावाचे नाव हेच तेव्हाचे प्रमाण होते. नाव सांगितले की माल कसा असेल याचा खरेदीदाराला अंदाज यावा, अशी अपेक्षा असे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव भडकले. भाव भडकले तशी भेसळही वाढली. लांब धाग्याच्या ‘बनी’त आखूड धाग्याचा ‘जरी’ मिसळायचा, रुईत सरकी, माती, पालापाचोळा राहू द्यायचा, आणि वजन वाढवायला पाणी शिंपडायचे.

पाण्याची गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकांनी मुद्दाम वर्गात घ्यावी अशी आहे. कापूस हवेतले बाष्प स्वतःच शोषून घेतो. पूर्ण कोरड्या १०० ग्रॅम कापसाने ८.५ ग्रॅम पाणी धरले आहे, असे कापड व्यापारात गृहीत धरतात. म्हणजे प्रामाणिक कापसातही पाणी असतेच. मग लबाडीचे पाणी कोणते? वऱ्हाडातल्या मे महिन्यात उन्हात वाळवलेला कापूस तोलून ठेवा आणि तोच जुलैत पुन्हा तोला, फरक डोळ्यांना दिसेल. मुंबईची एक खंडी म्हणजे ७८४ पौंड. तीत शेकडा १० पाणी शिंपडले, तर ७८ पौंडांवर पाणी कापसाच्या भावाने विकले जाते. हवामानाने किती ओल येते हे ठरवल्याशिवाय चोर पकडताच येत नाही. प्रमाणाची पहिली गरज इथे आहे.

सरकारने आधी सोपा मार्ग धरला, शिक्षेचा. मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध कायदा झाला. तपासनीस नेमले गेले आणि भेसळीचा माल जप्त होऊ लागला. पण भेसळ नेमकी केली कोणी? शेतकऱ्याने, गावच्या खरेदीदाराने, अडत्याने की गाठ बांधणाऱ्याने? चार हातांतून आलेल्या मालाचा दोष शेवटच्या हातावर सिद्ध करायचा, हे जवळजवळ अशक्य होते. व्यापारी तपासणीला आणि तिच्या खर्चाला कुरकुरत राहिले. सुमारे वीस वर्षांनी तो बंदोबस्त गुंडाळला गेला. आमच्या मते यातली चूक सरळ आहे: काम संपल्यावर तयार माल तपासला गेला, काम कसे होते ते कोणी पाहिलेच नाही.

त्यातही वऱ्हाडची स्थिती विचित्र. १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात आला खरा, पण कागदोपत्री तो निजामाचाच राहिला. येथले कायदे हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने चालत. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली, १८७० साली खामगावला फाटा मिळाला आणि पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कर्नाक हे कापूस कमिशनर नेमले गेले होते. बैलगाडीने महिनोन्‌महिने धूळ खात जाणारा कापूस आता दाबगाठीत बांधून थेट मुंबईला जाऊ लागला. वाटेतली घाण कमी झाली. उरली ती बाजारातली.

या बाजारावर पहिला नियम आला तो कारंजा येथे, १८८६ साली. हे गाव १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते आणि आज वाशीम जिल्ह्यात आहे. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्याच धर्तीवर १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला, आणि अमरावती, अकोला, खामगाव असे बाजार त्याखाली आले. सौदा ठरलेल्या आवारातच व्हायचा. दलाल आणि मापारी यांना परवाना हवा. फी ठरलेली. देखरेखीला बाजार समिती. म्हणजे माल पकडण्याऐवजी मालाला हात लावणारी माणसे आणि त्यांची कामाची रीत नियमात आणली. १८६३ च्या कायद्यापेक्षा ही मोठी उडी होती, आणि आजच्या सेवा-प्रमाणांचा गाभाही नेमका हाच आहे.

पण समितीत बसले कोण? मुख्यतः व्यापारी. ज्याचा कापूस तोलला जायचा त्या शेतकऱ्याला तिथे आवाज जवळजवळ नव्हता. हिंदुस्थानातल्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची चाल होती. रुमालाखाली काय ठरले ते गाडीवाल्याला कळत नसे. हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नावांनी पट्टीतून पैसे कापले जात. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने १९२८ साली वऱ्हाडच्या बाजारांचा नमुना देशापुढे ठेवला आणि शेतकऱ्यांना पुरेसे प्रतिनिधित्व नाही हा दोषही दाखवला. मुंबई इलाख्याने १९२७ मध्ये कापूस बाजार कायदा केला तेव्हा उत्पादकाचे हित हा हेतू मानला गेला.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि शास्त्राच्या विद्यार्थ्याने तो नीट समजून घ्यावा. बाजारात सहज मोजता येत असे ते वजन आणि रुईचा उतारा. धाग्याची लांबी हाताने ओढून पाहावी लागे आणि तिला वेगळा भाव मिळेलच असे नव्हते. बनीचा धागा चांगला, पण उतारा तिशीच्या आत-बाहेर. पांढऱ्या फुलाच्या ‘रोझियम’ जातीचा धागा जाड आणि आखूड, उतारा मात्र अडतीस-चाळीस. १०० किलो कापसातून ३० किलो रुई काढायची की ३८? शेतकऱ्याने ३८ वाल्याची निवड केली, आणि त्याला दोष कसा देणार? विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडात रोझियम पसरला आणि बनी मागे पडली. बाजार शिस्तीचा झाला आणि कापूस हलका झाला, कारण जे मोजले गेले तेच पिकले. तक्रार किती मिनिटांत ‘बंद’ केली एवढेच मोजणारा संगणक-देखभाल व्यावसायिक याच वाटेने जातो. त्याच्या नोंदी सुंदर असतात आणि यंत्र पुन्हा बंद पडते.

यावर उपायही निघाले. १९१७-१८ च्या कापूस समितीच्या चौकशीनंतर १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२३ च्या कायद्याने हलका कापूस चांगल्या कापसाच्या प्रदेशात आणण्यास बंदी घालता येऊ लागली. मुंबईत ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनने प्रतींचे अधिकृत नमुने ठेवले. वाद झाला की गाठीतला कापूस त्या नमुन्याशेजारी ठेवून पंच निवाडा करीत. ‘फाइन’, ‘सुपरफाइन’ हे शब्द आता डोळ्यांपुढच्या वस्तूला बांधलेले होते.

आम्हांला सर्वांत आवडतो तो १९२५ चा जिन-प्रेस कायदा. प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालायचा, आणि कारखान्याने नोंदवही ठेवायची. ३९२ पौंडांची एक गाठ मुंबईत फोडली आणि आत ओला कापूस निघाला, तर ती कोणत्या प्रेसमधली हे खुणेवरून कळे. १८६३ मध्ये जो प्रश्न सुटला नव्हता त्याचे निम्मे उत्तर या साध्या शिक्क्याने दिले. तक्रारीला क्रमांक देण्यामागे दुसरे काय असते?

निम्मेच उत्तर, कारण माग प्रेसच्या दारापर्यंत जाई. तेथे अनेक गाड्यांचा कापूस एका ढिगात पडलेला असे, आणि ढिगाला अनुक्रमांक नसतो. २०२० साली भारतीय कापसासाठी ‘कस्तुरी’ हे नाव जाहीर झाले. त्यात गाठीवर क्यूआर संकेत असतो आणि पुढचा प्रवास संगणकात नोंदला जातो. वऱ्हाडातल्या शिक्षकांनी हंगामात मुलांना जवळच्या जिनिंगमध्ये न्यावे, गाठीवरची खूण वाचायला लावावी, आणि मग आवारातल्या कापसाच्या ढिगाशी उभे राहून विचारावे की यातला कापूस कोणकोणत्या गावांचा आहे.